काचेच्या आत कोण बसतं?

मागच्या अंकात संपादकांनी चौकट टाकली होती : ‘टेस्ट ट्यूब बेबीच्या लॅबमध्ये चोवीस वर्षं काम करणाऱ्या नाशिकच्या एम्ब्रियॉलॉजिस्टला काय विचारायचं ते विचारा.’ पत्रं आली, व्हॉट्सॲपवर आली, एक प्रश्न तर भद्रकालीत मेथी निवडताना मागून आला. निम्म्या पत्रांत मला ‘डॉक्टर’ म्हटलंय. मी डॉक्टर नाही. पेशंटला इंजेक्शन द्यायचा किंवा गोळी लिहून द्यायचा मला अधिकार नाही. स्त्रीबीज शरीराबाहेर आल्यापासून गर्भ पोटात परत जाईपर्यंत, नाहीतर गोठून टाकीत जाईपर्यंत जे पाच-सहा दिवस असतात, ते माझे. बाकी सगळं डॉक्टरांचं आणि तुमचं.

मुलगी मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला जाहिरात आली, ‘तीन महिन्यांत एम्ब्रियॉलॉजिस्ट व्हा, नोकरीची हमी.’ फी बरीच आहे. एफडी मोडायचा विचार चाललाय. करावं का? – एक आई, इंदिरानगर

ताई, एफडी राहू द्या.

आपल्याकडे सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा २०२१ साली झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याखालच्या २०२२च्या नियमांत लॅबमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट म्हणून कोण बसू शकतं ते लिहिलंय. क्लिनिकल एम्ब्रियॉलॉजीची पूर्णवेळ, चार सेमिस्टरची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर माणसाची बीजं व गर्भ हाताळल्याचा तीन वर्षांचा अनुभव, हा सरळ रस्ता. लाइफ सायन्स किंवा बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. झालेल्यांना वर्षभराचं पूर्णवेळ प्रशिक्षण आणि चार वर्षांचा अनुभव लागतो. पीएच.डी. केलेल्यांना, एमबीबीएस किंवा जनावरांच्या डॉक्टरकीची पदवी असलेल्यांनाही वाट आहे, पण तिथेही अनुभवाची वर्षं चुकत नाहीत. तीन महिन्यांचं सर्टिफिकेट यातल्या कुठल्याच खान्यात बसत नाही. त्यामुळे ‘नोकरीची हमी’ म्हणजे कसली नोकरी, हे लेखी मागा. बहुतेक वेळा ती वीर्यतपासणीच्या काउंटरवरची निघते, आणि तेवढ्यासाठी एफडी मोडायची गरज नसते.

मुलीला खरंच आवड असेल तर मणिपालसारख्या विद्यापीठात एम.एस्सी. क्लिनिकल एम्ब्रियॉलॉजी आहे, तिथली प्रवेशपरीक्षा द्यायला लावा. छोटी वर्कशॉप्स मी वाईट म्हणत नाही. दोन वर्षं लॅबमध्ये घासल्यावर गोठवण्याचं चार दिवसांचं वर्कशॉप केलं तर सोनं होतं. स्वयंपाक येत नसलेल्या मुलीला पुरणपोळीच्या क्लासला घालण्यात अर्थ नाही, इतकंच.

हात कसा तयार होतो ते सांगते, म्हणजे तीन महिन्यांचा हिशेब तुमचा तुम्हाला लागेल. मी झूऑलॉजीत एम.एस्सी. करून मुंबईला एका लॅबमध्ये लागले. पहिले आठ महिने फक्त वीर्याचे नमुने मोजले. काचेच्या छोट्या चेंबरवर चौकोनांची जाळी असते. त्यात किती शुक्राणू, त्यातले पळणारे किती, जागच्या जागी वळवळणारे किती, निपचित किती. एक नमुना दोनदा मोजायचा. मग सिनियर मॅडम मोजणार. त्यांच्या आणि माझ्या आकड्यात फरक पडला की परत. एकदा मी त्यांचा आकडा आधीच पाहून माझा जुळवून लिहिला. त्यांना कळलं. ओरडल्या नाहीत. ‘आज घरी जा’ एवढंच म्हणाल्या. दादरपर्यंत रडत गेले.

त्यानंतर डिश बनवायला शिकले. प्लॅस्टिकच्या बशीत वीस मायक्रोलिटरचे थेंब ओळीने ठेवायचे आणि वर तेल घालायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण तेल पडायला उशीर झाला की एवढ्याशा थेंबातलं पाणी उडायला लागतं, क्षार दाट होतात आणि गर्भाला ते सोसत नाही. म्हणून सहा-सहा थेंब घाला, लगेच झाका, पुढचे सहा. माझे थेंब फुटायचे, एकमेकांत मिसळायचे. दिवसाला दहा डिश बनवून फेकायच्या. त्या काळात बीजाभोवतीचा पेशींचा लगदा सोडवायला काचेच्या पिपेट आम्ही स्वतः ओढायचो. स्पिरिटच्या दिव्यावर काच मऊ झाली की ज्योतीबाहेर काढून एका झटक्यात ताणायची. तोंड बीजापेक्षा जेमतेम मोठं हवं. लहान झालं तर बीज चिरडणार, मोठं झालं तर लगदा निघणारच नाही. आता त्या पाकिटातून तयार मिळतात. माझ्या उजव्या तर्जनीवर भाजल्याचा डाग अजून आहे.

शेवटी इक्सी, म्हणजे एक शुक्राणू सुईने एका बीजात सोडणं. त्यासाठी वर्षभर टाकाऊ बीजं वापरली. पिकलेली नसल्यामुळे कामाची नाहीत आणि पेशंटने शिकण्यासाठी वापरायला लेखी परवानगी दिलीय, अशी. खऱ्या पेशंटचं पहिलं बीज हातात आलं तेव्हा लॅबमध्ये अडीच वर्षं झाली होती आणि मॅडम माझ्या खुर्चीला टेकून उभ्या होत्या.

मुलीला मात्र मार्कांबद्दल विचारत बसू नका. अंधाऱ्या, गार खोलीत चार तास मान न हलवता बसवेल का? आणि रविवार? आज दुपारी तीनला बीजात शुक्राणू सोडला तर फलन झालं की नाही ते सोळा ते अठरा तासांत बघावंच लागतं, म्हणजे उद्या सकाळी सात ते नऊ. उद्या रविवार आहे, पाडवा आहे, घरी हळदीकुंकू आहे, हे गर्भाला माहीत नसतं. आणि हातून काही सांडलं तर त्याच मिनिटाला ‘माझ्याकडून झालं’ म्हणता येईल का? हे तिसरं ज्याला जमत नाही त्याने या धंद्यात येऊ नये.

पिकअपला अकरा बीजं निघाली म्हणून सांगितलं. आम्ही पेढे वाटले. पाचव्या दिवशी फोन आला की दोनच गर्भ झालेत. बाकीची नऊ कुठे गेली? सासरे म्हणतात, दुसऱ्याला दिली असतील. – एक जोडपं, नाशिक रोड

सासऱ्यांवर रागावू नका. तुम्हाला हा हिशेब कुणी समजावला नाही, ही चूक आमच्या बाजूची आहे. तो पिकअपच्या आधी सांगायचा असतो, नंतर नाही.

पिकअपच्या वेळी डॉक्टर अंडाशयातलं पाणी ट्यूबमध्ये ओढून खिडकीतून आत देतात. मी ते बशीत ओतून सूक्ष्मदर्शकाखाली बीज शोधते. शिजलेल्या साबुदाण्यात मध्ये पांढरा ठिपका राहतो ना, जवळजवळ तसं दिसतं. भोवती काचेसारखा चिकट भाग आणि आत कणभर बीज. बीज म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. मी ‘एक’ म्हणते, बाहेर सिस्टर ‘एक’ लिहितात. तुमचे अकरा असे मोजलेले.

पण लगदा काढल्याशिवाय बीज पिकलंय की कच्चं ते कळत नाही. साधारण अकरातली दोन कच्ची निघतात. राहिली नऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघते तेव्हा बीजात दोन गोल केंद्रकं शेजारी शेजारी दिसली पाहिजेत, एक आईचं, एक बापाचं. काहींत एकही नसतं, एखाद्यात तीन असतात, आणि तीन असलेलं बाजूला ठेवावंच लागतं. समजा सहा बरोबर निघाली. तिसऱ्या दिवशी त्यातली पाच नीट वाढलेली, सात-आठ पेशींची. तिथपर्यंतचा बराचसा खर्च बीजाने आईकडून आणलेल्या शिदोरीवर चालतो. त्यानंतर गर्भाचे स्वतःचे जनुक कामाला लागतात आणि तिथे बरेच थांबतात. पाचव्या दिवशी आत पाण्याची पोकळी झालेला, फुगलेला गर्भ म्हणजे ब्लास्टोसिस्ट, असे दोन. अकरातून दोन हा अगदी नेहमीचा निकाल आहे. पेढे चुकीच्या दिवशी वाटले गेले, एवढंच.

हा हिशेब तुमच्या लॅबच्या कागदावर दिवसागणिक लिहिलेला असतो. मागा. आणि डॉक्टरांना सांगून एम्ब्रियॉलॉजिस्टशी दहा मिनिटं बोला. काचेच्या आतला माणूस पेशंटला भेटत नाही असं काही शास्त्र नाही, फक्त सवय नाही. मी गेली काही वर्षं पाचव्या दिवशी स्वतः फोन करते. कधी कधी बातमी वाईट असते, पण माझ्या तोंडून ऐकली की लोक निदान ‘विकली’ म्हणत नाहीत.

अदलाबदलीची भीती मात्र खोटी नाही, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहिते. नाशिकला येण्याआधी मी जिथे होते तिथे एका सकाळी दोन पेशंट होत्या. नाव एकच, आडनावही एकच. मी रॅकमधून ट्यूब उचलली, झाकण फिरवलं. नियमाप्रमाणे माझी सहकारी शेजारी उभी राहून लेबल मोठ्याने वाचत होती. ती मधल्या नावावर थांबली. नवऱ्याचं नाव वेगळं होतं. झाकण परत लावलं, ट्यूब जागेवर गेली, काहीच घडलं नाही. पण त्या दिवशी चहाचा कप माझ्या हातात धरवत नव्हता. तेव्हापासून माझ्या लॅबमध्ये पूर्ण नाव, जोडीदाराचं नाव, जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक हे चारही मोठ्याने वाचल्याशिवाय आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय एकही थेंब एका बशीतून दुसरीत जात नाही. पिकअपला झोपवण्याआधी तुम्हाला चार जणांनी चारदा नाव विचारलं असेल. कंटाळा करू नका, प्रत्येक वेळी पूर्ण सांगा.

लॅबमध्ये मुलगा की मुलगी ते दिसतं का? कुणाला कळणार नाही. – नाव लिहिलेलं नाही

सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. तपासून सांगणं १९९४च्या गर्भलिंग कायद्याने आणि २०२१च्या कायद्यानेही गुन्हा आहे, त्यात तुरुंग आहे. आणि ‘कुणाला कळणार नाही’ ही ओळ वाचूनच मी तुमचं पत्र बाजूला ठेवलं होतं.

आमच्या गर्भाला ‘४एए’ ग्रेड मिळाली, नणंदेच्या गर्भाला ‘३बीबी’. तिचं राहिलं, आमचं नाही. मग ग्रेड कशाला देता? – सिडको

पहिला आकडा गर्भ किती फुगलाय ते सांगतो, एकपासून सहापर्यंत. पहिलं अक्षर आतल्या पेशींच्या गोळ्याचं, ज्यातून बाळ होतं. दुसरं अक्षर बाहेरच्या भिंतीचं, जिच्यातून वार होते. मी वरून बघते आणि अक्षर देते. त्याच्या आत गुणसूत्रं बरोबर आहेत का ते मला दिसत नाही. आडतीवर पेटी उघडून द्राक्षाचा मणी बघतात, फुगवण बघतात, रंग बघतात, तसं आहे हे. गोडी चाखल्याशिवाय कळत नाही आणि आमच्याकडे चाखायची सोय नाही. एकापेक्षा जास्त गर्भ असले की आधी कुठला सोडायचा हे ठरवायला ग्रेड उपयोगी पडते. चांगल्या ग्रेडचे गर्भ जास्त वेळा राहतात हेही खरं. पण तो दहावीचा निकाल नाही, आणि नणंदेशी त्यावरून बोलणं बंद केलं असेल तर सुरू करा.

ताई, मी निफाड तालुक्यातला. गोठ्यात आठ गाई आहेत. गाय भरवायला डॉक्टर मोटारसायकलवर नायट्रोजनचा कंटेनर घेऊन येतात, त्यातनं कांडी काढतात. माझ्या मुलाचे-सुनेचे गर्भ नाशिकला गोठवून ठेवलेत म्हणे. तेच का हे? आमच्याकडं लाइट जाती, तुमच्याकडं गेली तर? – एक शेतकरी

भाऊ, आलेल्या पत्रांत सगळ्यात नेमका प्रश्न तुमचा आहे.

नायट्रोजन तोच. उणे १९६ अंश. कांडीचं, म्हणजे वळूचं वीर्य गोठवण्याचं, तंत्र आमच्या तंत्राचा थोरला भाऊ. ग्लिसरीन घातलं की गोठवलेले शुक्राणू जिवंत राहतात, हे १९४९ साली इंग्लंडमध्ये कळलं, तेही कोंबड्याच्या शुक्राणूंवर. माणसांच्या लॅबमध्ये ते नंतर आलं. नियमांत जनावरांच्या डॉक्टरांनाही एम्ब्रियॉलॉजिस्ट व्हायची वाट आहे असं वर लिहिलं, ते उगाच नाही. माझ्या ओळखीचे काही उत्तम एम्ब्रियॉलॉजिस्ट मुळात गुरांचे डॉक्टर आहेत.

फरक गोठवण्याच्या रीतीत. शुक्राणू बारीक, त्यात पाणी नसल्यासारखंच. बीज आणि गर्भ मोठे, पाण्याने भरलेले. थंडीची लाट आली की तुमच्या तालुक्यात पारा पाच-सहावर येतो, बागेत रात्रभर शेकोट्या पेटवता, कारण गारठ्याने मणी तडकतात. गर्भाचंही भय तेच. आत पाण्याचा बर्फ झाला की त्याची टोकं पेशी फाडतात. म्हणून आम्ही आधी दाट द्रावणात ठेवून आतलं पाणी काढून घेतो, आणि मग इतक्या झटक्यात नायट्रोजनमध्ये बुडवतो की बर्फ व्हायला सवडच मिळत नाही. पाणी काचेसारखं घट्ट होतं. शेवटच्या दाट द्रावणात गर्भ गेला की माझ्याकडे मिनिटभर असतं. तेवढ्यात तो पिपेटने उचलायचा, नखाच्या कडेएवढ्या पातळ पट्टीवर ठेवायचा, भोवतीचं जास्तीचं पाणी ओढून घ्यायचं आणि बुडवायचं. त्या मिनिटात माझ्याशी कुणी बोलत नाही. फोन वाजला तर वाजू द्यायचा.

पहिल्यांदा गर्भ गोठवून, मग सोडून जन्मलेली भारतातली मुलगी कोलकात्याची. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचं ते काम. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी दुर्गा जन्मली, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, इंग्लंडची लुईझ ब्राउन, हिच्यानंतर अडीच महिन्यांच्या आत. मुखोपाध्यायांना त्यांच्या हयातीत कुणी खरं मानलं नाही, आणि १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे त्यांच्या नोंदी तपासून ‘हे खरं होतं’ असं जाहीरपणे म्हणणारे टी. सी. आनंद कुमार. त्यांच्याविषयी खाली येतंच.

आता लाइट. टाकीला वीज लागतच नाही. ती मोठा थर्मास आहे. नायट्रोजन आपोआप थोडा थोडा उडतो, म्हणून सोमवारी आणि गुरुवारी आम्ही पट्टी बुडवून, बाहेर काढून हवेत हलवतो. जिथपर्यंत पांढरं दव धरतं तिथपर्यंत नायट्रोजन. तुमचे डॉक्टरही असंच बघत असतील. वीज लागते ती ताजे गर्भ वाढतात त्या इनक्युबेटरला. तिथे सदतीस अंश हवेत, हवेत कार्बन डायऑक्साइड पाच-सहा टक्के आणि ऑक्सिजन पाच टक्क्यांच्या आसपास. त्याला यूपीएस, त्यामागे जनरेटर, आणि काहीही हललं की माझ्या मोबाइलवर अलार्म. मागच्या पावसाळ्यात रात्री अडीचला वाजला. रेनकोट घालून स्कूटीवर गेले. एका खान्याचं दार कुणीतरी नीट लावलं नव्हतं, तो खानाही रिकामा होता. वॉचमनने चहा केला.

एक काम करा. मुलाला सांगा, पत्ता किंवा मोबाइल नंबर बदलला तर लॅबला कळवायचं. कायद्याने गर्भ जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. आमच्या टाकीत असे गर्भ आहेत की ज्यांचे आईबाप फोन उचलत नाहीत, पत्रं परत येतात, आणि आम्हाला पुढे काय करायचं ते विचारायला कुणी नाही.

मॅडम, एम.एस्सी. करून दोन वर्षं एका लॅबमध्ये आहे. अजून इक्सीला हात लावू देत नाहीत. फक्त वीर्य धुणं आणि डिश. डॉक्टर सगळ्यांसमोर ‘आमची टेक्निशियन’ म्हणतात. सोडून देऊ का? – एक ज्युनियर

तुझ्या पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं, इक्सी. दोन वर्षं म्हणजे फार नाही, पण दोन वर्षांत टाकाऊ बीजांवरही बसवलं नसेल तर मात्र ते तुला शिकवत नाहीयेत, राबवून घेतायत. सिनियरला जाऊन तारीख माग. ‘कधी?’ असं विचारू नकोस, ‘या महिन्यापासून आठवड्याला किती कच्ची बीजं मिळतील?’ असं विचार. आणि लॉगबुक ठेव. प्रत्येक बीजाची नोंद : किती टोचली, किती फलित झाली, किती मेली. २०१७ साली व्हिएन्नाला ठरलेले मापदंड भिंतीवर लाव. इक्सीनंतर नीट फलन किमान पासष्ट टक्के, चांगल्या लॅबचं ऐंशी. सुईने बीज मरण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत, चांगल्या हाताचं पाचच्या आत. तुझे आकडे तिथे पोचले की भांडायला तोंड लागणार नाही, कागद पुढे करायचा.

आणि टोचताना घाई करू नकोस. सगळ्या नव्या मुली एकाच जागी चुकतात. डावीकडच्या पिपेटने बीज धरलंय, ध्रुवपेशी (बीजाला चिकटलेली छोटी पेशी) बाराच्या काट्यावर आहे, शेपटीवर सुई घासून शुक्राणू थांबवलाय, सगळं बरोबर. सुई तीनच्या बाजूने आत जाते, पडदा नरसाळ्यासारखा आत दबतो, आणि वाटतं की गेलीच सुई. गेलेली नसते. पडदा ताणला गेलाय, फाटलेला नाही. तिथे शुक्राणू सोडलास तर तो बाहेरच्या खिशात राहतो आणि उद्या सकाळी ‘फलन नाही’. थांब. किंचित ओढ. आतला रस सुईत सरकताना दिसतो आणि एकदम सुटतो. तो सुटल्याचं डोळ्याला दिसलं की मगच सोड, आणि जास्तीचं द्रावण आत ढकलू नकोस. मला मॅडम म्हणायच्या, ‘सुटू दे.’ मीही माझ्या मुलींना तेच म्हणते, आणि त्यांनाही वर्षभर राग येतो.

दुसरं दुखणं नावाचं. ते जुनं आहे. २५ जुलै १९७८ ला लुईझ ब्राउन जन्मली. तिच्यामागचे डॉक्टर स्टेप्टो आणि शास्त्रज्ञ एडवर्ड्स ही नावं शाळेच्या पुस्तकात आहेत. त्या गर्भाच्या पेशी विभागताना सगळ्यात आधी सूक्ष्मदर्शकाखाली जिने बघितल्या ती जीन पर्डी. मुळात नर्स होती, एडवर्ड्सच्या लॅबमध्ये कामाला लागली आणि तिथेच हे सगळं शिकली. लुईझ जिथे जन्मली त्या ओल्डहॅममध्ये या कामाची पाटी लावायची ठरली तेव्हा एडवर्ड्सनी पत्र लिहून तिचं नाव घालायला सांगितलं, तरी पाटीवर ते आलं नाही. १९८५ साली ती एकोणचाळीसाव्या वर्षी गेली. नोबेल २०१० साली आलं, एकट्या एडवर्ड्सना. आपल्याकडे ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून गाजलेली हर्षा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, आणि ते असायलाच हवं. लॅबची बाजू ज्यांनी उभी केली त्या आनंद कुमारांचं नाव आमच्या लाइनबाहेर किती जण घेतात? हेच आनंद कुमार नंतर ‘पहिलं काम माझं नाही, कोलकात्याचं’ म्हणाले, आणि स्वतःकडचा मान त्यांनी दुसऱ्याला दिला. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो यासाठी.

माझीही एक तक्रार सांगून टाकते. मी आधी जिथे होते तिथे हजारावं बाळ झालं म्हणून समारंभ झाला. स्टेजवर खुर्च्या सात, डॉक्टर, भूलतज्ज्ञ, मार्केटिंगवाला. आम्ही तिघी मागच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, उद्या राजीनामा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सहा बीजांचं फलन बघायचं होतं. गेले. पाच आली होती.

‘टेक्निशियन’ म्हटल्यावर गप्प बसू नकोस, पण स्टेजवर भांडूही नकोस. केबिनमध्ये जाऊन शांतपणे सांग की नियमांत शब्द एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे. अकॅडमी ऑफ क्लिनिकल एम्ब्रियॉलॉजिस्ट्सच्या परिषदांना जा, चार लॅब बघ. युरोपातल्या ‘एश्रे’ या प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेची एम्ब्रियॉलॉजिस्टसाठीची परीक्षा २००८ पासून आहे, अभ्यासक्रम तरी उतरवून घे. हे सगळं करून सहा महिन्यांनीही कच्चं बीजसुद्धा मिळालं नाही, तर सोड. तेव्हा मला लिही.

ट्रान्सफरच्या (गर्भ पोटात सोडायच्या) दिवशी अत्तर लावू नका, गजरा घालू नका असं सांगितलं. हे शास्त्र की सोवळं? – एक सून, पंचवटी

या वेळी शास्त्र. गर्भाला कवच असतं, पण नाक-फुप्फुसं नसतात, हवेतलं गाळून घ्यायला काही नसतं. अत्तर, नेलपॉलिश, रंग, फिनेल यांतून उडणारी द्रव्यं तेलात आणि तेलातून थेंबात उतरतात. म्हणून लॅबची हवा कोळशाच्या फिल्टरमधून आणि बारीक गाळणीतून येते, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तरी हवा बाहेर जाते, आत येत नाही. मी स्वतः चोवीस वर्षांत कामाच्या दिवशी पावडरही लावलेली नाही. लग्नाला जाताना बहीण अत्तराचा फाया पुढे करते तेव्हा अजूनही हात मागे जातो.

सिंहस्थासाठी रस्ते करतायत ना सध्या, त्यात एका सकाळी आमच्या गल्लीत डांबराचा टँकर येऊन उभा राहिला. आत दोन पिकअप ठरलेले. वास जिन्यात पोचला होता. गाऊनवर शाल घेऊन खाली धावले आणि मुकादमाला म्हटलं, दुपारी बारापर्यंत थांबा. तो म्हणाला, मॅडम, साहेबाला विचारा. साहेब फोन उचलेना. मग त्याला समजावलं की वर आत्ता लोकांची लेकरं बशीत आहेत. त्याने माझ्याकडे जरा विचित्रच बघितलं, पण काम गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून सुरू केलं. बारा वाजून दहा मिनिटांनी रोलर आमच्या दारात आला, तेव्हा दोन्ही पेशंटची बीजं इनक्युबेटरमध्ये होती.

तेव्हा अत्तर घरी ठेवा. गजरा घालून आलात तरी हरकत नाही, फक्त रिसेप्शनवर द्या. आमच्या मावशी तो ओल्या रुमालात गुंडाळून ठेवतात, जाताना मागून घ्या.